सबनीस मॅडम आणि हार्करच्या खाणीचं परमिट

मालती सबनीस हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते शिवी ऐकावी तसं. अमेरिकेतल्या एका डोंगराळ राज्यात, जेमतेम आठ माणसांच्या कन्सल्टिंग फर्ममध्ये मला नोकरी लागून तीन आठवडे झाले होते. माझा बॉस डग याने फोन ठेवला, खुर्ची मागे ढकलली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्या देशात अशा आणखी किती बायका आहेत?"

कोण बाई, असं मी विचारलं.

"डॉक्टर एस., मालती सबनीस. तिनं आपला अर्ज तिसऱ्यांदा परत पाठवलाय. उद्या तू चल माझ्याबरोबर. निदान तुझ्याशी तरी नीट बोलेल."

तो अर्ज हार्करच्या खाणीचा होता. हॅस्केट नावाच्या गावाच्या वर, डोंगरात, सोन्याचांदीची एक लहानशी जुनी खाण होती. डेल हार्करच्या आजोबांनी खोदलेली आणि डेलच्या तरुणपणीच बंद पडलेली. आता सत्तरी ओलांडल्यावर डेलला ती पुन्हा चालू करायची होती. त्यासाठी राज्याचं परमिट लागायचं, आणि परमिटसाठी खाणीच्या बोगद्यातून झिरपणारं पाणी खालच्या बेंट नेल ओढ्याचं वाटोळं करणार नाही हे कागदावर सिद्ध करावं लागायचं. ते सिद्ध करण्याचं काम आमच्या फर्मचं. ते सिद्ध झालं की नाही हे ठरवण्याचं काम राज्याच्या खाण विभागातल्या सबनीस मॅडमचं.

मी नागपूरचा, एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअर, वर्क व्हिसावर आलेला. सरकारी कचेरीत आपलं माणूस भेटणार म्हणून मला मनातून आनंदच झाला होता. आदल्या दिवशी मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ऑफिसात शिरताना मी हात जोडले आणि म्हणालो, "नमस्कार काकू, मी वानखेडे."

त्यांनी मान वर केली. बुटक्या, पंचावन्नच्या पुढच्या, केस अगदी बारीक कापलेले, अंगात पुरुषाचं वाटावं असं ढगळ फ्लीसचं जॅकेट. "मी तुझी काकू नाही," त्या मराठीत म्हणाल्या. "बस." आणि पुढचा सगळा वेळ इंग्रजीत.

त्यांचा आवाज बारीक होता आणि तो त्या कधीच चढवत नसत. त्यामुळे जास्त वाईट व्हायचं. समोरच्या माणसाला स्वतःचा अपमान नीट ऐकू यावा म्हणून पुढे वाकावं लागायचं.

आमच्या अर्जाचे तीन जाडजूड खंड त्यांच्यापुढे होते. डगने मला येताना गाडीत सांगितलं होतं की हे कुणी वाचत नाही, वजन बघतात. मॅडमनी ते पानन्‌पान वाचलं होतं. समासात हिरव्या पेन्सिलीने बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न लिहिला होता: कोण गेलं होतं? त्यांनी दुसरा खंड उघडून माझ्याकडे सरकवला आणि एक वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं. मी वाचलं: बेंट नेल ओढ्याच्या वरच्या भागात मासे आढळत नाहीत.

"कोण गेलं होतं?"

मी डगकडे पाहिलं. डगने खिडकीकडे पाहिलं.

"मागच्या एका रिपोर्टमधून घेतलंय," मी म्हणालो.

"त्या रिपोर्टवाल्यांनी कुठून घेतलं?"

मी तळटीप शोधली; तळटीप नव्हती.

"आत्ता दहा वाजलेत," त्या म्हणाल्या. "ओढा चाळीस मैलांवर आहे. मी चार वाजेपर्यंत इथे असते. जा, बघून ये. तोवर तुझे साहेब इथेच बसतील, मला त्यांच्याशी पहिल्या खंडाबद्दल बोलायचं आहे."

नोव्हेंबर महिना होता. मी ऑफिसचे बूट घालून त्या ओढ्यात उतरलो, शेवाळलेल्या दगडावरून घसरलो आणि कमरेपर्यंत भिजलो. पण मासे दिसले. बोटभर लांबीचे ट्राउट, एका खडकाच्या आडोशाला चार. पावणेचारला मी कुडकुडत त्यांच्या दारात उभा राहिलो. डगचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी चार मासे पाहिल्याचं सांगितलं. बसायला लागलो तर त्या म्हणाल्या, "ती खुर्ची कापडी आहे. भिजेल." मी उभ्यानेच ते वाक्य खोडलं, खाली तारीख आणि सही केली. मला वाटलं होतं, आता एखादा बरा शब्द येईल.

"हॅस्केटला राहणारा शाळकरी मुलगा हे फोनवर सांगू शकला असता," त्या म्हणाल्या. "तुमच्या फर्मला तीन खंड लागले."

त्या दिवसापासून मी त्यांचा द्वेष करायला लागलो आणि माझं काम सुधारलं. दोन्ही एकदम झालं. वाक्य लिहिताना मला त्यांची पेन्सिल दिसायची. मी दर महिन्याला वर जायला लागलो, प्रत्येक ठिकाणचं पाणी स्वतः भरायला लागलो, बाटल्यांवर स्वतःच्या हाताने लेबलं लावायला लागलो. त्यांच्याकडून कौतुक कधी आलं नाही. हिरवे प्रश्न तेवढे कमी झाले.

त्या माझ्याशीच अशा वागतात असं मला काही दिवस वाटत होतं. तो गैरसमज गणपतीत गेला. आमच्या शहरात कॉम्प्युटर चिप बनवणाऱ्या कंपनीत काम करणारी पुण्या-मुंबईकडची दहाबारा मराठी कुटुंबं होती. जोगळेकरांकडे दीड दिवसाचा गणपती असायचा आणि आरतीनंतर पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायचा. कुणीतरी हौसेने मॅडमनाही बोलावलं. त्या आल्या, मटकीची उसळ घेऊन आल्या, आणि उसळ खरोखर चांगली होती. जोगळेकरांच्या नऊ वर्षांच्या सईने शाळेसाठी ज्वालामुखी केला होता. तो टीपॉयवर मांडलेला, सगळे वाकून वाकून बघत होते.

मॅडमनी विचारलं, "यातला लाव्हा कुठून येतो?"

सई म्हणाली, "फ्रॉम द सेंटर ऑफ द अर्थ."

"नाही. तिथून येत नाही. तुझा हा बाण चुकीचा आहे, हा थर चुकीचा आहे आणि हे स्पेलिंग चुकीचं आहे."

"इट्स जस्ट अ प्रोजेक्ट," सई म्हणाली.

"मग करायचा कशाला?"

मुलगी रडत आत गेली. जोगळेकर वहिनी ताट घेऊन मध्येच उभ्या राहिल्या. मॅडम शांतपणे वरणभात जेवल्या, स्वतःचं ताट धुतलं आणि उसळीचं रिकामं भांडं घेऊन निघाल्या. त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. पुढच्या वर्षी मी मुद्दाम, जरा खवचटपणेच, विचारलं की यंदा गणपतीला दिसला नाहीत. "बोलावलं नाही," त्या म्हणाल्या. "सईने तो बाण दुरुस्त केला होता का, ते तुला माहीत आहे?" मला माहीत नव्हतं. ते मी कुणाला विचारलंही नाही.

डेल हार्करची गोष्ट याहून वाईट. डेल म्हणजे उंच, वाकलेला म्हातारा, दोन वाक्यं बोलला की थांबून श्वास घ्यायचा. खाणीतल्या धुळीने फुप्फुसं गेलेली. तरी दर मीटिंगला इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, बरोबर मुलगी कॉनी. कॉनी हॅस्केटच्या शाळेत बस चालवायची आणि खाण चालू झाली की तिथला हिशोबबिशोब, ऑफिस, सगळं तीच बघणार होती. गावातली बरीच तरुण मुलं कामासाठी बाहेर पडली होती. डेलला ती परत यायला हवी होती. हे सांगताना तो खोटं बोलत नव्हता.

अशाच एका मीटिंगमध्ये मॅडमनी पाण्याची देखभाल हा मुद्दा काढला. खाणीच्या खडकात गंधकाचं खनिज असतं. त्याला हवा आणि पाणी लागलं की आम्ल तयार होतं आणि ते आम्ल खडकातलं आर्सेनिक सोडवून बाहेर आणतं. खाण बंद झाली तरी हे थांबत नाही. कुणाला तरी ते पाणी साफ करत राहावं लागतं.

"ही जबाबदारी कोण घेणार?" मॅडमनी विचारलं.

"मी," डेल म्हणाला. "माझं नाव आहे ना कागदावर."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "मिस्टर हार्कर, हे पाणी स्वच्छ व्हायच्या आत तुम्ही मेलेले असाल. तुमच्या श्वासावरून तर खाण चालू व्हायच्या आतच. मला अशा माणसाची सही हवी आहे जो जिवंत असेल."

डेलचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग कॉनीने पेन मागितलं. सही करताना ती मॅडमकडे बघत होती, कागदाकडे नाही.

बाहेर पार्किंगमध्ये डेल गाडीला टेकून उभा राहिला आणि मला म्हणाला, "ती चुकीचं बोलली नाही, पोरा. पण असं बोलतात का कुणाला?"

पुढच्या मे महिन्यात बर्फ वितळायला लागलं आणि मी नेहमीसारखा वर गेलो. बोगद्याच्या तोंडातून एरवी करंगळीएवढी धार यायची. त्या दिवशी मांडीएवढा लोंढा येत होता, आणि त्याला किंचित पिवळट झाक होती. मी दोन बाटल्या भरल्या. एक लॅबला पाठवायची आणि दुसरी जोडीची, फ्रीजमध्ये जपून ठेवायची, शंका आली तर पुन्हा तपासायला. हा नियम मला मॅडमनीच लावला होता.

लॅबचा रिझल्ट आला. त्यात आर्सेनिक इतकं होतं की मी आकडा दोनदा वाचला. हिवाळाभर बर्फाखाली जुन्या बोगद्यांमध्ये साठलेलं सगळं पहिल्या लोंढ्याबरोबर बाहेर आलं होतं. मी कागद डगपुढे ठेवला. डगने तो वाचला आणि दार लावून घेतलं.

"बाटली खराब असणार," तो म्हणाला.

"बाटली चांगली होती. मी स्वतः भरली."

"जूनमध्ये पुन्हा भर. लोंढा ओसरला की बघू काय येतं. आणि हा नमुना बाटली खराब म्हणून रद्द कर." मग जरा थांबून, "तुझ्या ग्रीन कार्डचे कागद वकिलाकडे गेलेत ना? मला पुढच्या आठवड्यात सही करायची आहे."

तो धमकी देत होता की नुसती आठवण करून देत होता, हे मला आजही सांगता येणार नाही. मी रद्द केल्याची नोंद लिहिली. फ्रीजमधली जोडीची बाटली काढली, टोपण उघडलं आणि सिंकमध्ये ओतली. वरून नळ सोडला. अर्धं मिनिटही लागलं नाही. जूनचा नमुना बराच स्वच्छ निघाला. तो आम्ही अर्जाला जोडला.

चार दिवसांनी माझा फोन वाजला. पहिल्या भेटीनंतर त्या माझ्याशी कामाचं मराठीत बोलल्या त्या थेट त्या दिवशी.

"वानखेडे, मेमध्ये बाटली खराब होती की पाणी?"

"बाटली, मॅडम."

"जोडीची बाटली कुठे आहे?"

याचं उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं. "फुटली."

"प्लॅस्टिकची बाटली फुटली."

मी समोरच्या कागदांची चळत उगाच सरळ केली.

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आठवड्याभरात त्यांचं पत्र आलं: पुढच्या वसंतात, बर्फ वितळताना, विभागाच्या माणसासमोर पुन्हा नमुने घ्यावेत, तोवर अर्ज स्थगित. म्हणजे पूर्ण एक वर्ष. डग संतापला. कॉनी फोनवर रडली. तोवर डेलच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लागली होती. मला काही कागद पोचवायला मॅडमच्या ऑफिसात पाठवलं तेव्हा त्या कॉरिडॉरमध्ये थर्मासमधलं गरम पाणी पीत उभ्या होत्या. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"मॅडम, एक वर्ष म्हणजे डेलच्या हयातीत नाही होणार," मी म्हणालो.

त्यांनी थर्मासचं झाकण लावलं. "असलं पाणी दडवून परमिट मागणार असाल, तर माझ्या हयातीत मी या खाणीला सही देणार नाही." एवढं बोलून त्या आत गेल्या.

संध्याकाळी डगने विचारलं काय म्हणाली. मी म्हणालो, काही नाही, मराठीत काहीतरी कुरकुरली. डगने मान वर केली. "काय? नेमकं सांग. इंग्रजीत."

ते वाक्य मराठीत एका 'तर'वर उभं आहे. त्याच्या अलीकडचं मी सांगितलं असतं तर पाण्याचं सांगावं लागलं असतं. मी पलीकडचं सांगितलं. "ती म्हणाली, माझ्या हयातीत मी या खाणीला सही देणार नाही."

डगने मला ते पुन्हा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं.

इथे मला एक गोष्ट सरळ सांगायची आहे. पुढे मी स्वतःला बरीच वर्षं ग्रीन कार्डाचं कारण दिलं. ते खरं आहे, पण सगळं नाही. ते अर्धं वाक्य बोलताना मला बरं वाटलं होतं. भिजलेल्या पँटने उभा राहिलो होतो ते, रडणारी सई, पार्किंगमध्ये टेकलेला डेल, हे सगळं एकदम आठवून बरं वाटलं होतं. डगला माहीत नव्हतं की वाक्य अर्धं आहे. ते फक्त मला माहीत होतं.

फर्मने आणि हार्कर कुटुंबाने मिळून विभागाकडे तक्रार केली. अधिकाऱ्याने आधीच निर्णय ठरवून ठेवला आहे, अर्जदारांना अपमानास्पद वागणूक दिली आहे. पुरावा म्हणून माझं सहीचं निवेदन जोडलं. तक्रार वाचून आणखी लोक पुढे आले. ज्यांना ज्यांना त्यांनी खोलीत पुढे वाकायला लावलं होतं ते सगळे. त्यांच्या बाजूने एकही माणूस उभा राहिला नाही, आणि तसा माणूस त्यांनी जोडलाही नव्हता.

चौकशी करणाऱ्या गृहस्थांनी मला एकदा फोन केला. बोलणं सभ्य होतं. "डॉक्टर सबनीस म्हणतात की त्या असं बोलल्या हे खरं, पण वाक्य याहून लांब होतं. तुमच्या भाषेतलं आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो. आणखी काही होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "एवढंच होतं."

त्यांना हार्करच्या फाइलवरून काढलं. नोकरीवरून काढता येत नव्हतं, म्हणून तळमजल्यावर, बिनखिडकीच्या खोलीत, वाळू आणि खडीच्या परवान्यांवर बसवलं. हार्करची फाइल एका तरुण अधिकाऱ्याकडे गेली. हसतमुख मुलगा होता, मीटिंगला डोनट आणायचा. त्याने जूनचा नमुना पुरेसा मानला. ऑक्टोबरमध्ये परमिट मिळालं. गावात पार्टी झाली. डेलने माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. खाण चालू झालेली त्याने पाहिली. मॅडमचा तो अंदाज चुकला. दुसऱ्या हिवाळ्यात तो गेला.

या काळात माझी मॅडमशी महिन्यातून एकदा तरी गाठ पडायची. आमच्या फर्मकडे खडीच्या खाणींचीही कामं होती. मी तळमजल्यावर जायचो, त्या अर्ज बघायच्या, हिरव्या पेन्सिलीने खुणा करायच्या. त्या विषयावर चकार शब्द नाही. एकदा मीच चाचरत म्हणालो, "मॅडम, तुम्हाला इथे बसवलं हे बरं नाही झालं." त्यांनी पान उलटलं. "खडीतही पाणी असतं," त्या म्हणाल्या. "पान बारावर तू उताराची दिशा उलटी दाखवली आहेस." ती खरंच उलटी होती. माझं ग्रीन कार्ड त्याच सुमाराला आलं. ते मी त्यांना सांगितलं नाही.

मग दोन हजार आठचा मे महिना. त्या हिवाळ्यात बर्फ फार पडलं होतं आणि ते एकदम वितळलं. बोगद्यातला लोंढा खाणीचं घाण पाणी अडवायला बांधलेल्या गाळतळ्यात मावला नाही. तळ्याचा बांध एका सकाळी फुटला आणि बेंट नेल ओढा नारिंगी झाला. दोन दिवसांत मेलेले मासे काठाला लागले. आठवड्याभरात हॅस्केटमधल्या ओढ्यालगतच्या विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. कॉनी आणि तिचा लहान मुलगा जिचं पाणी वापरत ती विहीर त्यात होती. खाण बंद झाली. डेलच्या पश्चात सगळ्या कागदांवर जिवंत माणसाची सही एकच होती, कॉनीची.

विभागाने शनिवारी दुपारी हॅस्केटच्या शाळेच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या बंदिस्त हॉलमध्ये, सभा ठेवली. डोनट आणणारा मुलगा दुसऱ्या राज्यात नोकरीला निघून गेला होता. वरिष्ठांपैकी कुणाला यायचं नव्हतं. त्या खाणीचं पाणी समजणारी एकच व्यक्ती विभागात उरली होती. तिलाच पाठवलं.

मी मागच्या बाकावर बसलो होतो. डगने मला आवाज न करता ऐकून यायला सांगितलं होतं. मॅडमनी पंधरा मिनिटं सांगितलं, कुठलं पाणी प्यायचं नाही, भाजीला घालायचं नाही, मुलांच्या रक्ताची तपासणी कुठे होईल. आवाज तसाच बारीक. पण आता कुणी पुढे वाकत नव्हतं. लोक मागून ओरडत होते. एका माणसाने नारिंगी पाण्याची बरणी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, पिऊन दाखव.

कॉनी उठली. वर्षभरात ती दहा वर्षांनी म्हातारी झाली होती. "तू माझ्या बापाला तोंडावर सांगितलंस की तू मरशील," ती म्हणाली. "माझी सही घेतलीस. आणि मग तुम्हीच परमिट दिलंत. दिलंत की नाही?"

मॅडमनी एकच वाक्य म्हटलं असतं तरी पुरलं असतं: मी नाही दिलं, मला फाइलवरून काढलं होतं. त्यांची नजर बाकांवरून फिरली, माझ्यावरून गेली, थांबली नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "विभागाने दिलं."

"सॉरी तरी म्हण."

"सॉरी म्हटल्याने तुमची विहीर स्वच्छ होणार नाही," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून तुमच्या मुलाला त्या पाण्याने आंघोळही घालू नका."

कुणीतरी कागदाचा कप फेकला. तो त्यांच्या खांद्याला लागला, कॉफी जॅकेटवरून ओघळली. त्यांनी कागद गोळा केले आणि बाजूच्या दाराने बाहेर गेल्या.

थोड्या वेळाने मी बाहेर आलो. त्यांची गाडी पार्किंगच्या टोकाला होती. गावातल्या एकुलत्या एका डायनरने, म्हणजे खाणावळीने, त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या गाडीत बसून डब्यातली पोळीभाजी खात होत्या. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी काच चार बोटं खाली केली.

"मॅडम, ते वाक्य," मी म्हणालो. "तुमचं ते वाक्य अर्धं..."

"मला माहीत आहे काय होतं ते. मीच बोलले होते."

"मी आत जाऊन सांगतो. आत्ता. सगळ्यांसमोर. त्या बाटलीचंही."

त्यांनी घास संपवला. "सांगून तुला बरं वाटेल. बाकी कुणाला काय?"

मी काचेच्या कडेवर बोटं ठेवली.

"मासे जायचे ते गेले. त्या बाईची विहीर गेली. आता त्यांच्याकडे रागावायला एक माणूस आहे, ते पुरेसं आहे. दोन कशाला?" त्या हे माझ्यावरच्या मायेने बोलत नव्हत्या. एखाद्या अर्जातला जादा परिच्छेद खोडावा तसं बोलत होत्या. "ग्रीन कार्ड झालं?"

"हो."

"मग दुसरं काहीतरी कर. पाण्याचं काम करू नकोस."

काच वर गेली.

मी माझ्या गाडीकडे निघालो, पण गाडी चालू करवेना. जिमच्या दुसऱ्या बाजूला पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचा ट्रक आला होता. गावकऱ्यांनी ट्रकपासून दारापर्यंत रांग केली होती आणि खोके हातोहात आत जात होते. मॅडम गाडीतून उतरल्या. हात पुसले, जॅकेटच्या बाह्या वर केल्या आणि रांगेत एक जागा रिकामी होती तिथे जाऊन उभ्या राहिल्या. कुणी त्यांना जा म्हणालं नाही. त्यांच्या अलीकडे कॉनी होती. तिच्याकडे खोकं आलं. तिने ते मॅडमच्या हातात दिलं नाही, त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवलं. मॅडम वाकल्या, खोकं उचललं आणि पलीकडच्या माणसापुढे धरलं. त्याने हात पुढे केले नाहीत. तेव्हा त्यांनी ते त्याच्या पायाशी ठेवलं. त्याने उचललं आणि पुढे दिलं. तोवर कॉनीने दुसरं जमिनीवर ठेवलं होतं.

ट्रक मोठा होता. मी निघालो तेव्हा त्या वाकत होत्या, उचलत होत्या, ठेवत होत्या.